जिथली वाट आधी बुडते

दादा गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. मी बोर्लीच्या शाळेत चौथीचे पेपर तपासत बसले होते. म्हसळ्याहून येणारी दुपारची गाडी नेहमीसारखी थांबली, पण कंडक्टर उतरून सरळ शाळेच्या पायऱ्या चढू लागला, तेव्हाच माझा हात थांबला. "बाई, पालीवरनं निरोप हाय. तुमचे दादा सकाळी गेले. तुमी येईपर्यंत तिथली मान्सं थांबतो म्हनालीत," एवढं तो एका दमात बोलला आणि मग टोपी हातात घेऊन म्हणाला, "गाडी फिरवतोच हाय. बसा." मी बसले. बोर्लीहून म्हसळा, म्हसळ्याहून माणगाव, तिथून वाकण फाटा आणि मग पाली. कुठे कुठली गाडी चुकेल, कुठे थांबण्यापेक्षा ट्रकला हात केलेला बरा, याची जुळवाजुळव मनात आपोआप सुरू झाली आणि मला माझीच लाज वाटली. भाऊ गेलाय आणि आपण गाड्या जुळवतोय. पण ही सवय त्यानेच लावलेली. पोचले तेव्हा ऊन पार कललं होतं. रडायलाही धड जमलं नाही, इतकी थकले होते. आज पाच-सहा आठवडे झाले, तो शीण अजून उतरलेला नाही. प्रवासाचाच असता तर एव्हाना उतरला असता...

दादा म्हणजे केशव चौलकर, माझा सात वर्षांनी मोठा भाऊ. पुरवठा खात्यात कारकून म्हणून लागला आणि निवृत्तीला वर्ष उरलं असताना गेला, तोही कारकूनच. त्याच्यावर वर्तमानपत्रात काही लिहून यावं असं त्याच्या आयुष्यात काही घडलं, हे त्याला स्वतःला मान्य झालं नसतं. पण आमच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत पावसाळ्यात चूल पेटत राहिली ती त्याच्यामुळे, आणि एका वस्तीत ती विझली तीही त्याच्यामुळेच. या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. म्हणून लिहिते.

लढाईच्या काळात तो लष्कराच्या रसद विभागात होता, तिकडे आसामच्या बाजूला. परत आला तो बारीक होऊन, कायमचा खोकला घेऊन. लोक जमायचे, लढाईच्या गोष्टी सांग म्हणायचे. हा सांगायचा, "मी बंदूक उचललीच नाही. तीन वर्षं खेचरं मोजली." लोकांना वाटायचं थट्टा करतोय. पण ते खरं होतं. त्याचा साहेब एक मद्रासी गृहस्थ होता, मूळचा गणिताचा मास्तर. डोंगरातल्या ठाण्यांवर किती खेचरं, कुठल्या वाटेने, कुठल्या दिवशी पाठवली म्हणजे कुणीच उपाशी राहणार नाही, हे तो कोष्टकं मांडून काढायचा आणि दादाला शेजारी बसवून घ्यायचा. "माल कमी असतो म्हणून माणसं मरतात हे अर्धंच खरं आहे," दादा म्हणायचा. "पुष्कळदा माल असतो. तो चुकीच्या ठिकाणी असतो नाही तर उशिरा असतो."

देश स्वतंत्र झाला आणि वर्षभरात तो पुरवठा खात्यात लागला. वहिनी त्याआधीच तापाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी ट्रेनिंग पुरं करून बोर्लीला शिक्षिका झाले होते, लग्नाचं राहूनच गेलं होतं. आम्ही दोघांनी बाजाराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. ते रेशनचे दिवस होते. तांदूळ मुंबईहून मचव्यांत, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांत भरून यायचा. जूनच्या सुरुवातीला दर्या बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत एक पोतं यायचं नाही. त्याआधी जे उतरेल त्यावर सगळ्या टापूने पावसाळा काढायचा. रीत अशी होती की आधी बंदरावरचं गोदाम छपरापर्यंत भरायचं. ते भरलं की मग उरलेलं बैलगाड्यांनी आणि छोट्या होड्यांनी आतल्या गावांना पाठवायचं. खाडीपल्याडच्या डोंगरउतारावरची गावं नाचणी आणि वरी पिकवणारी, ज्येष्ठातच त्यांच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. त्यांची पाळी येईपर्यंत ओढे भरून गेलेले असायचे. मग बंदरावरचा तांदूळ ओल लागून पिवळा पडायचा आणि पल्याडची माणसं रानातले कंद, करांदे उकडून खायची. दर वर्षी असंच व्हायचं. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या का दुसऱ्या श्रावणात दादाला पल्याड पाहणीला पाठवलं. उघडीप बघून तो होडीने गेला, पुढे कमरेएवढ्या पाण्यातून चालत. तिसऱ्या दिवशी परत आला, अंगणातच बसला आणि घरात येईना. मी पाणी नेलं तर म्हणाला, "कुसुम, एका म्हातारीनं मला एक गोष्ट विचारली." पाहणी करणाऱ्या या कारकुनाला तिने आधी बसायला घोंगडी दिली होती. मग विचारलं होतं, "तांदूळ कुठं हाय, सायेब?" हा म्हणाला, बंदरावर आहे, पण मधे खाडी आहे, ओढे भरलेत. त्यावर ती म्हणाली, "खाडी तर पयल्यापासून हाय. तुमाला ठावं नव्हती?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, असं दादा सांगायचा. तिला खरंच प्रश्न पडला होता. त्या घरात दोन लहानग्यांचे पाय सुजले होते. त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या दिवाळीपासून दादाने काम सुरू केलं. विचार सांगायला सोपा होता: जिथली वाट आधी बुडते, तिथे धान्य आधी पोचलं पाहिजे. बंदरावरचं गोदाम शेवटी भरलं तरी चालेल, कारण तिथे पोचायला ओढा आडवा येत नाही. पण हे कागदावर उतरवायला बसलं की डोकं पिकायचं. मचवे किती येतील, कुठल्या दिवशी येतील, बैलगाड्या पेरणीच्या आधी किती दिवस मोकळ्या असतात, कुठल्या गावात कोरडी जागा किती, आणि मुख्य म्हणजे कुठली वाट कधी बंद होते. हे शेवटचं तर कुठल्याच दप्तरात नव्हतं. मग आम्ही माणसांना विचारत सुटलो. मी शाळेतल्या मुलांच्या आयांना विचारायची, दादा बाजाराच्या दिवशी गाडीवानांना. तारीख कुणालाच सांगता यायची नाही, पण वटपौर्णिमेला पाणी मांडीला लागतं, आषाढीच्या आधी ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून जातो, असं प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांत पक्की माहिती टपालवाल्याकडे मिळाली आणि त्याच्याहून पक्की एका सुईणीकडे. तिला बोलावणं आलं की जावंच लागायचं, त्यामुळे कुठला ओढा कधी माणसाला माघारी धाडतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

शाळा सुटली की आम्ही मांडून बसायचो. जमिनीवर खडूने गावं काढायची, एक चिंचोका म्हणजे अर्ध्या मचव्याचा माल. आठवड्यामागून आठवडा चिंचोके सरकवायचे. एका गावाचं भागलं की दुसरं उघडं पडायचं. दादा कधी चिडायचा नाही, फक्त खोकायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." मी कंटाळायची, हे कबूल केलं पाहिजे. दिवसभर चाळीस मुलांना पाढे म्हणायला लावून आल्यावर पुन्हा गुडघे टेकून चिंचोके मोजायचे... माझ्या ऐन उमेदीतल्या किती संध्याकाळी त्या खडूच्या रेघांवर गेल्या. पण सुचलेली एखादी मांडणी बसली की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू ती मीच बसवली. कधी कधी खरंच मीच बसवलेली असायची.

हसनमियां तांडेल मचवे आणायचे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौलकर, मांडणी बराबर हाय. पन वारा तुमच्या कागदावर सही नाय करत." दादा हसला. ते वाक्य त्याने तेव्हा मनावर घेतलं असतं तर, असं पुढे तोच कितीदा म्हणाला.

कचेरीत दोन वर्षं तो कागद पडून राहिला. साहेबांचं म्हणणं, बंदराचं गोदाम रिकामं ठेवून माल रानात पाठवला आणि वरून चौकशी झाली तर उत्तर कोण देणार? तिसऱ्या वर्षी नवे साहेब आले. तरुण होते, स्वतः पल्याड जाऊन आले आणि म्हणाले, "करून बघू." त्या उन्हाळ्यात आलेला पहिला मचवा बंदरावर रिकामा न करता भरतीबरोबर तसाच खाडीत आत नेला. बाजारात लोकांनी बोलून घेतलं. दादाचं मात्र लक्षच नव्हतं, तो पोत्यांमागे धावत होता. वटपौर्णिमेच्या आत पल्याडच्या सगळ्या गावांत पावसाळाभराचं धान्य पोचलं होतं. एवढ्या आनंदात मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बंदराचं गोदाम शेवटच्या चार मचव्यांनी भरायचं होतं. ते चार मचवे आलेच नाहीत. दर्या त्या वर्षी दहा-बारा दिवस आधी खवळला, मचवे मुंबईलाच अडकले. बंदराजवळची कोळीवस्ती आम्ही यादीत सगळ्यांत शेवटी ठेवली होती. गोदामाला लागूनच घरं, त्यांना कधीही देता येईल, असा विचार. तो विचार माझाही होता. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, मासळी नाही, सुकी मासळी विकून तांदूळ घ्यावा तर तांदूळच नाही. होता तेवढा दोन आठवड्यांत संपला. रस्ते चिखलात गेलेले. कचेरीने इकडून तिकडून थोडं थोडं जमवलं, दादाने स्वतः पाठीवरून पायल्या वाहिल्या, पण जवळजवळ तीन आठवडे त्या वस्तीने पेजेवर काढले, आणि ती पेजही रोज मिळाली नाही. जानकी नावाची एक बाळंतीण होती. तिचं दूध आटलं. तिचं बाळ तिसऱ्या आठवड्यात गेलं.

दादाने कुणालाही न विचारता वस्तीवर जायचं ठरवलं. मी म्हटलं, "तू एकटा जाऊ नकोस, लोक चिडलेत." तो म्हणाला, "मग तू चल." आम्ही गेलो. पाऊस भुरभुरत होता. जानकी पडवीत बसली होती, शेजारी तिची सासू. दादा उभाच राहिला. म्हणाला, "बाई, तुमच्या वस्तीचं धान्य शेवटी आणायचं हे मी ठरवलं होतं. माझं चुकलं." सासूने तोंड फिरवलं. जानकीने विचारलं, "पल्याडच्यांना भेटला का तांदूळ?"

"भेटला."

"त्यांची पोरं हायत?"

"आहेत."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं. पन दादा, पुढल्या साली कुनाला शेवटी टाकनार? कुनीतरी शेवटी असनारच ना?"

आम्ही परत आलो. घरी येऊन त्याने जमिनीवरच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, संपलं. दोन महिने त्याने कागदाला हात लावला नाही. कचेरीत जायचा, यायचा, जेवायचा.

पितृपक्षात एके दिवशी तो आपणहून म्हणाला, "कुसुम, चिंचोके काढ." या खेपेला त्याची मांडणी वेगळी होती. आधी सगळ्या गावांना, वस्त्यांना, बंदराला, प्रत्येकी चार आठवड्यांचं. हे जोवर सगळीकडे पोचत नाही, तोवर कुणालाही पाचव्या आठवड्याचं पोतं नाही. त्यातही जिथली वाट आधी बुडते, तिथे आधी. आणि ठरलेले सगळे मचवे येतील असं न धरता चार कमी येतील असं धरायचं. यात होड्यांच्या खेपा वाढत होत्या, गाडीवानांचे हेलपाटे वाढत होते, साहेबांना समजावणं अवघड जाणार होतं. मी म्हटलं, "पण आधीची मांडणी जास्त चोख होती." तो म्हणाला, "हो. ही कमी चोख आहे. पण हिच्यात चूक झाली तर ती सगळ्यांवर थोडी थोडी पडेल."

हसनमियांनी ती मान्य केली. तरुण साहेबांनीही केली, बदली होण्याआधी त्यांनी तेवढं एक करून ठेवलं. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. हा शब्द मी बिचकतच लिहिते, कारण बरी म्हणजे काय, तर कमी वाईट. उपासमार नव्हती, अर्धपोट होतं. मधे रेशन उठलं, पुन्हा आलं, तांदळाच्या जागी परदेशचा लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, आला, पण माल पाठवायची तऱ्हा तीच राहिली.

एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका कॉलेजातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक हरिहरेश्वराला सहकुटुंब आले होते. परतीची गाडी नादुरुस्त झाली म्हणून बोर्लीला अडकले आणि शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना आमच्याकडे चहाला आणलं. जमिनीवरची मांडणी पाहून ते चहा विसरले. "अहो, हे तर ऑपरेशन्स रिसर्च!" म्हणाले. तिकडे विलायतेत, अमेरिकेत लढाईनंतर याचं मोठं शास्त्र झालंय, कारखाने, रेल्वे, शेतीमाल, सगळीकडे वापरतात, तुम्ही चिंचोक्यांनी करता ते तिकडे यंत्राने करतात. दादाने सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "यंत्राला ओढा कधी भरतो ते कोण सांगतं?" प्राध्यापक म्हणाले, "ते तुम्हालाच सांगावं लागतं." दादाला फार बरं वाटलं. ते गेल्यावर म्हणाला, "चला, नाव तरी मिळालं. नाव असलं की पोराला शाळेत घालता येतं." प्राध्यापकांनी दोन पत्रं पाठवली, मुंबईला येऊन व्याख्यान द्या म्हणून. दादाने उत्तर लिहिलं की उन्हाळ्यात मचव्यांमुळे सवड नाही आणि पावसाळ्यात वाट नाही.

पुढे त्याचीही बदली झाली, पालीला. समुद्रापासून दूर, जिथे त्याच्या माहितीचा कुणाला उपयोग नव्हता. त्याने अर्ज केला नाही, तक्रार केली नाही. दम वाढला होता, जिने चढवत नव्हते. बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ एका घरात त्याने खोली घेतली. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत बोर्लीला आला तेव्हा आम्ही दोघं बंदरावर गेलो. माल उतरत होता. नव्या कारकुनाने पहिली खेप खाडीत आत पाठवायला सांगितली. मी मुद्दाम विचारलं, "आधी पल्याड का हो?" तो म्हणाला, "तशी रीतच आहे, बाई. आधी सगळ्यांना चार आठवड्यांचं द्यायचं असतं." कुणी घातली ही रीत, तर त्याला माहीत नव्हतं. मला राग आला, मी सांगायला तोंड उघडलं, तर दादाने माझा दंड धरला. वाटेत म्हणाला, "राहू दे. माझं नाव लागलं असतं तर माझ्या बदलीबरोबर ही रीतही गेली असती." मग थोडं चालून, दम खाऊन म्हणाला, "जानकी कशी आहे?" जानकीला त्यानंतर दोन मुलं झाली होती. मी तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. पहिलं कसं गेलं हे तो एक दिवसही विसरला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद माणसाला किती थोडा पुरतो...

त्याचे दिवस पालीलाच केले. चुलतभावाच्या मुलाने क्रिया केली. तेराव्याला घरमालकीण काकूंनी आपल्याच घरी स्वयंपाक मांडला. पानं मोजताना त्या मला सहज म्हणाल्या, "तुमचे दादा फार हट्टी हो. माघी उत्सवात देवळात प्रसादाच्या पंगती बसतात, आम्ही दर वर्षी म्हणायचो, तुम्हाला दम लागतो, पहिल्या पंगतीला बसून घ्या. नाही. शेवटच्याच पंगतीला बसायचे. एकदा तर भात संपला, नुसती आमटी पिऊन उठले. मी रागावले तर म्हणाले, काकू, कुणीतरी शेवटी असणारच." काकूंना त्यात आजारी माणसाचा हेका दिसला होता. मी पानं पुसत राहिले. बोलायचं म्हटलं असतं तर कुठून सुरुवात करायची होती?

स्वयंपाक झाला. रीतीप्रमाणे कुणाचंही पान मांडायच्या आधी गेलेल्या माणसाचं पान वाढलं. भात, वरण, त्यावर तूप, खीर, वडा, सगळं पहिलं, सगळं गरम. काकू ते अंगणात ठेवून आल्या आणि कावळा शिवेपर्यंत आम्ही सगळे दारात थांबलो. तेवढ्या वेळात घरातल्या कुणीही घास घेतला नाही. मग पंगती बसल्या. मला वाढायला उभं राहायचं होतं, म्हणून मी सगळ्यांत शेवटी बसले. भात गार झाला होता, पण पुरला.